फोन करणारा माणूस

मी रॉकेटं सोडत नाही.
मी फक्त फोन करतो,
उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी, यादीतल्या बावीस नंबरांवर.
किरुनाच्या पूर्वेला, जिथे रस्ता संपून नकाशा पांढरा होतो,
तिथे रेनडिअर राखणाऱ्यांना सांगतो:
उद्या पहाटे चार ते आठ. निवाऱ्यात थांबा.
बहुतेक जण बरं म्हणतात.
एक जण आधी शिवी देतो, मग बरं म्हणतो.
रिस्तेन विचारते, "किती उंच?"

"दोनशे साठ किलोमीटर."
"तिथे थंडी किती?"
"थंडी नाही. आठशे अंश."
"मग हात बाहेर काढला तर भाजेल."
"नाही. गोठेल."
पलीकडे कुत्रं भुंकलं. लाकूड तडकलं.
"एस्किल, तू प्यायलायस का?"

तिला सांगितलं,
तिथला एकेक कण बंदुकीच्या गोळीहून वेगाने पळतो,
पण दुसरा कण भेटायला त्याला अर्धा कोस जावं लागतं.
आम्ही मोजतो तो त्याचा वेग.
ऊब द्यायला मात्र शेजार लागतो.

"म्हणजे माझ्या दिरासारखं," ती म्हणाली,
"नुसता तापट,
आणि शेकायला कोणी बसत नाही."

तेव्हापासून दरवेळी थोडं थोडं सांगत गेलो.
की जुलैत, सूर्य मावळायचं विसरतो
आणि डास नाकातोंडात शिरतात,
तेव्हाच डोक्यावर पंच्याऐंशी किलोमीटरवर
पृथ्वीच्या हवेतली सगळ्यात कडाक्याची थंडी असते,
उणे एकशे चाळीस.
हवा वर चढते, फुगते,
फुगता फुगता पदरची ऊब खर्चून बसते.
जळून गेलेल्या उल्कांच्या राखेवर तिथे बर्फ धरतं.
ऑगस्ट सरताना मध्यरात्री ते ढग दिसतात,
निळे, माशाच्या खवल्यांसारखे.

रिस्तेनने ते लहानपणापासून पाहिलेत.
नाव घेत नाही.
म्हणते, काही गोष्टींना हाक मारली की त्या वळून बघतात.

एकदा तिला बोरूच्या झुडपात आमचा चंदेरी फुगा सापडला,
वरून पडताना ज्याचं अडखळणं मोजून
आम्ही हवेचा ताप काढतो.
परत मागितला नाही.
तिने त्याचं सरपणावर आच्छादन केलंय.

या जानेवारीत पाऊस पडला.
जानेवारीत.
रात्रीत गोठून जमिनीवर काच बसली.
काचेखाली दगडफूल दिसत होतं,
जनावरांच्या तोंडाला लागत नव्हतं.
खुरांनी खणून खणून एकेचाळीस आडवी झाली,
त्यात ती पांढऱ्या कानाची,
जी रिस्तेनच्या खिशात तोंड घालायची.

माझ्या कपाटात तीस वर्षांचे आलेख आहेत.
रेघ वेडीवाकडी, पण उतरती.
तोच वायू खाली गोधडी होतो
आणि वर खिडकी सताड उघडी टाकतो.
इथे ताप चढतोय,
आणि तिथे आकाश गारठून आकसतंय
धुतलेल्या लोकरीसारखं.
मला हे माहीत होतं.
अठरा फोनांत मी ते सांगितलं नव्हतं.

काल फोन केला. उद्या पहाटे चार ते आठ.
किती उंच, तिने विचारलं नाही.
"वर कसं आहे?" म्हणाली.
"गार होतंय. दरवर्षी."
"आणि इथे पाऊस."
"हो. एकाच कारणाने."

ती गप्प. मीही.
चुलीत बर्चची साल घातल्याचा आवाज आला,
कोणीतरी कॉफी ओतली, कुत्रं कूस बदलून निजलं.
फोन कुणीच ठेवला नाही.
किती वेळ, ते मोजायचं यंत्र माझ्याकडे होतं,
समोरच भिंतीवर.
मी पाहिलं नाही.

ठेवला तेव्हा कान गरम झाला होता.
यादीत अजून नऊ नंबर होते.